डाव्या पायाचे श्रम कुठे गेले? : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि उष्णतेचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघा जुन्या विद्यार्थ्यांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने गिअरबॉक्सवर काय बोलावं? मी म्हटलं, ऐकायला या, मग सांगा.

प्रश्न अगदी साधा आहे. हाताने गिअर बदलायच्या गाडीत डावा पाय सतत राबत असतो. सिग्नल लागला, क्लच दाबा. सुटला, हळूहळू सोडा. ऑटोमॅटिक गाडीत तो पाय रिकामा बसतो. आता, जे काम तो पाय करत होता ते संपलं का? इंजिन फिरतंय, चाकं थांबलेली आहेत, आणि या दोघांची सांगड घालायची आहे, ही अडचण तर होती तिथेच आहे. ती सोडवली तेलाने, आणि त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागली. ती उष्णता न्यायची कुठे, आणि ती वाढली आहे हे गाडीच्या मालकाला कळायला हवं की नको, याचा इतिहास आज बघायचा आहे. मी तो मुख्यतः एकाच गाडीच्या आधाराने सांगणार आहे, अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट. साध्या मोटारीत ही उष्णता लपून राहते. स्पोर्ट्स कारमध्ये ती लपत नाही.

सुरुवात मात्र गाडीपासून नको. १८४५ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ जेम्स ज्यूल नावाचा एक गृहस्थ होता. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांचं एक चाक बसवलं, चाकाच्या दांड्याला दोरी, दोरीला वजन. वजन खाली आलं की चाक फिरायचं, पाणी घुसळलं जायचं आणि ते किंचित तापायचं. किती? अंशाच्या अपूर्णांकात. ताक घुसळताना लोणी वर यायला थंड पाणी घालावं लागतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. पण ठरावीक कामाची ठरावीक उष्णता होते, त्यात सूट नाही आणि उधारीही नाही, हे ज्यूलने आकड्यांत दाखवलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तोंडाशी जो टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो म्हणजे ज्यूलचं हे भांडंच आहे. फक्त वजनाच्या जागी इंजिन आलं आणि पाण्याच्या जागी तेल.

हा कन्व्हर्टर रस्त्यासाठी जन्मला नाही, समुद्रासाठी जन्मला. हेर्मान फ्योटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटीनच्या व्हुल्कान जहाजकारखान्यात काम करत होता. वाफेचं टर्बाइन फार जोरात फिरतं, आणि जहाजाचा पंखा हळू फिरला तरच नीट काम करतो. मध्ये काय घालायचं? १९०५ साली त्याने पेटंट घेतलं ते असं : एक चाक द्रव फेकतं, दुसरं चाक तो फेकलेला द्रव झेलून फिरतं, आणि तिसरं, जागेवर अडवून धरलेलं चाक परतणाऱ्या द्रवाची दिशा वळवतं. या तिसऱ्या चाकामुळे वेग कमी होतो पण पीळ वाढतो. दोन चाकांमध्ये धातूचा धातूला स्पर्श नाही, म्हणून धक्का नाही. पण स्पर्श नाही म्हणूनच घसर आली. मागचं चाक पुढच्याहून थोडं मागे राहिलंच पाहिजे, त्याशिवाय द्रव ओढ देत नाही. घसर हा या यंत्रातला दोष म्हणावा, तर तिच्याशिवाय यंत्र चालतच नाही. हे वाक्य मी वर्गात वापरलं असतं तर मुलांनी मला हेगेलवादी ठरवलं असतं. (हशा) जहाजात या घसरीची चिंता फारशी नव्हती, भोवती थंड पाण्याला तोटा नव्हता. तरीही पुढे दातेरी चाकं सुधारली, ती कमी शक्ती वाया घालवत होती, आणि जहाजांनी फ्योटिंगरला निरोप दिला.

तो रस्त्यावर आला. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने त्याची सोपी आवृत्ती, तिसरं चाक नसलेली, मोटारींत घातली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ आणला. जादा किंमत ५७ डॉलर. मग युद्ध आलं आणि हाच गिअरबॉक्स कॅडिलॅकच्या दोन-दोन इंजिनांबरोबर एम-५ नावाच्या हलक्या रणगाड्यात बसला. युद्ध संपल्यावर जाहिरातींना रणगाड्याचा दाखला मिळाला. १९४८ मध्ये ब्युइकने ‘डायनाफ्लो’ आणला, त्यात पूर्ण टॉर्क कन्व्हर्टर होता आणि गिअर बदलल्याचा धक्का जवळजवळ नव्हताच. सगळी जबाबदारी तेलावर. असल्या गिअरबॉक्सला अमेरिकन लोक ‘स्लशबॉक्स’ म्हणू लागले. स्लश म्हणजे बर्फ वितळून होणारा राड. पाय दाबा, इंजिन ओरडतं, गाडी मात्र जरा विचार करून निघते.

आणि आता कॉर्व्हेट. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, आणि त्याच वर्षी जूनअखेरीला मिशिगनमधल्या फ्लिंट गावी उत्पादन सुरू झालं. त्या वर्षी ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची बॉडी फायबरग्लासची, आणि सगळ्यांना एकच गिअरबॉक्स : दोन गतींचा ऑटोमॅटिक ‘पॉवरग्लाइड’. युरोपातल्या स्पोर्ट्स कारवर वाढलेल्या माणसाला ही थट्टा वाटली. स्पोर्ट्स कार आणि क्लच नाही? म्हणजे नाटक आहे पण नट नाही. १५० अश्वशक्तीचं इंजिन, आणि त्याची ताकद दोनच पायऱ्यांतून चाकांपर्यंत जायची. पायऱ्या कमी म्हणजे कन्व्हर्टरने जास्त काळ ओढायचं, आणि त्याने जास्त काळ ओढायचं म्हणजे जास्त घसर.

इथे थोडा हिशोब करू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. समजा, एका पायाने ब्रेक दाबून धरला आहे आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सलरेटर. गाडी जागेवर आहे. इंजिन कन्व्हर्टरला ३० किलोवॉट देतंय. हे स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला काहीच नाही. चाकं फिरत नाहीत, म्हणजे बाहेर पडणारं काम शून्य. म्हणजे ३० च्या ३० किलोवॉट तेलात. घरचा पाणी तापवायचा गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे पंधरा गिझर आठ लिटर तेलात एकदम चालू केलेत असं समजा. आठ लिटर तेल म्हणजे वजनाने सात किलोच्या आत. दर सेकंदाला ते साधारण दोन अंशांनी तापेल. आसपासचा धातू काही उष्णता पिईल, ती सोडून देऊ. अर्ध्या मिनिटात साठ अंश. नव्वदवर असलेलं तेल दीडशेवर.

आणि दीडशे म्हणजे काय? या तेलाला ८० ते ९५ अंश मानवतात. ११५-१२०च्या पुढे ते राळेसारखा थर सोडू लागतं, वरच्या तापमानात रबराची सीलं कडक होतात, आतल्या क्लचच्या चकत्या घसरून जळू लागतात. चकत्या घसरल्या की उष्णता आणखी वाढते आणि चक्र सुरू होतं. जाणकारांचा एक ठोकताळा आहे, की तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य अर्धं होतं. त्यामागे स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये रासायनिक क्रियांच्या वेगाविषयी मांडलेलं सूत्र आहे. ठोकताळा म्हणूनच तो वापरावा, पण दिशा बरोबर आहे. म्हणजे वीस-बावीस अंश वाचवले तर तेल चौपट टिकतं. गिअरबॉक्स थंड ठेवायची सगळी खटपट या एका गुणाकारासाठी असते.

खटपट कशी करतात? सगळ्यात रुळलेली पद्धत अशी, की गरम तेल नळीने पुढे न्यायचं, इंजिनाच्या रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवायचं आणि परत आणायचं. यात एक शहाणपण आहे. थंडीत सकाळी रेडिएटरचं पाणी आधी तापतं आणि तेच तेलाला ऊब देतं. नंतर तेच त्याला निववतं. पण तेल कधीच त्या पाण्याहून थंड होऊ शकत नाही, आणि जोरात चालवल्यावर पाणीच शंभरच्या घरात असतं. ज्याच्याकडे सावली मागायची तोच उन्हात उभा. शिवाय तो आतला कूलर गळला तर रेडिएटरचं पाणी तेलात शिरतं आणि गिअरबॉक्समध्ये महाबळेश्वरला मिळतो तसा गुलाबी मिल्कशेक तयार होतो. मग क्लचच्या चकत्यांचं अस्तर सुटतं आणि खर्च लाखांत जातो. म्हणून शर्यतीची हौस असलेले लोक पुढे वाऱ्यावर वेगळा कूलर लावतात, तोही बहुधा रेडिएटरच्या कूलरनंतर, ओळीत.

शर्यतीचा विषय निघालाच आहे तर टेक्सासमधल्या मिडलंडला जाऊन येऊ. तिथे जिम हॉल नावाचा अभियंता-ड्रायव्हर ‘चॅपरल’ नावाच्या गाड्या बनवत असे. १९६४ पासून त्याने जनरल मोटर्सच्या संशोधकांच्या मदतीने क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असलेला गिअरबॉक्स शर्यतीत उतरवला. गिअर हाताने बदलायचे, पण डाव्या पायाला क्लच नाही. लोक हसले. १९६५ मध्ये सेब्रिंगची बारा तासांची शर्यत चॅपरलने जिंकली आणि १९६६ मध्ये न्यूरबर्गरिंगची हजार किलोमीटरची. मग हसणं थांबलं. मला यातला सर्वांत आवडता भाग वेगळा आहे. डावा पाय मोकळा झाला, तर हॉलने त्याला नवं काम दिलं. १९६६ च्या २-ई या गाडीत मागे उंच पंख होता आणि तो त्या पायाने दाबायच्या पेडलने कलत असे, सरळ रस्त्यावर सपाट, वळणावर तिरपा. त्याच गाडीत त्याने रेडिएटर नाकातून काढून दोन्ही बाजूंना नेले. पुढच्या वर्षीच्या २-एफ मध्ये मात्र सात लिटरचं इंजिन घातलं आणि गिअरबॉक्सला ते झेपेना. एकामागून एक शर्यती गिअरबॉक्समुळे सोडाव्या लागल्या, ल मान्सचीसुद्धा. हंगामाच्या शेवटी ब्रँड्स हॅच जिंकली, तीच शेवटची. मोकळा झालेला पाय पंख हलवत होता आणि त्या मोकळेपणाचा भार मागे एक गिअरबॉक्स सोसत होता.

पोर्शने त्याच काळात, १९६७ मध्ये, ‘स्पोर्टोमॅटिक’मध्ये कन्व्हर्टरला इंजिनाच्याच तेलाच्या टाकीतून तेल दिलं. दोघांचं तेल एक, म्हणजे थंड करण्याची व्यवस्थाही एक. एकत्र कुटुंबासारखी, सोय खूप, पण एकाचा ताप सगळ्यांना.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. या तेलात होतं काय? गिअरबॉक्सच्या तेलाकडून दोन विरुद्ध अपेक्षा असतात. दाते घसरते राहिले पाहिजेत, पण क्लचच्या चकत्या एकमेकींना धरताना फार घसरू नयेत आणि झटकाही बसू नये. हा तोल साधायला अनेक दशकं त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. मासा म्हणायची पद्धत, आहे तो सस्तन. त्याचं तेल इतर प्राण्यांच्या चरबीसारखं नसतं, रसायनदृष्ट्या ते पातळ मेण असतं, आणि दाबाला नि उष्णतेला टिकून राहतं. एकोणिसाव्या शतकात त्याने दिवे जळले. दिवे गेले तरी विसाव्या शतकाच्या मध्यावर ते अमेरिकेच्या उपनगरांतल्या मोटारींत गुपचूप फिरत होतं. ५७ डॉलरमध्ये डावा पाय मोकळा करून घेणाऱ्या माणसाला, त्याच्या पायाचा भार कोणावर पडला हे ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. फसवणूक कोणी केली नाही. कोणी विचारलं नाही, इतकंच.

१९७० च्या अखेरीस अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. गिअरबॉक्सवाल्यांची झोप उडाली. नवी तेलं आली, आणि सुरुवातीच्या एका नव्या तेलाने भलताच उद्योग केला. रेडिएटरमधल्या पितळी कूलरचे झाळलेले सांधे ते खाऊ लागलं. थंड करणाऱ्या अवयवालाच तेल कुरतडत होतं, मग पुन्हा सूत्र बदलावं लागलं. पर्याय शोधता शोधता रसायनशास्त्रज्ञ सोनोरन वाळवंटातल्या होहोबा या झुडपाच्या बियांपर्यंत पोहोचले, कारण त्यांचं तेलही पातळ मेणच असतं. समुद्रातल्या प्राण्याचा गुण वाळवंटातल्या झाडात सापडावा, हे मला अजून थक्क करतं.

त्याच दशकात दुसरा हिशोब चुकवायची वेळ आली. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि घसर परवडेना. यावर तोड जुनीच होती. पॅकार्डने १९४९ मध्येच कन्व्हर्टरच्या आत एक क्लच घालून, वेग आल्यावर दोन्ही चाकं जोडून टाकली होती. जोडली की घसर शून्य, उष्णताही नाही. स्वस्त पेट्रोलच्या काळात हे विसरलं गेलं होतं. १९८२ च्या कॉर्व्हेटला असा क्लच असलेला चार गतींचा ऑटोमॅटिक मिळाला, आणि त्या वर्षी हाताचा गिअर मिळतच नव्हता.

१९९७ च्या पाचव्या पिढीत गिअरबॉक्स इंजिनापासून उचलून मागच्या चाकांपाशी नेला, वजनाचा तोल साधावा म्हणून. म्हणजे गरम तेलाने मागून पुढे रेडिएटरपर्यंत यायचं आणि परत जायचं. आणि तेल तपासायची डिपस्टिक गेली. गाडी सपाट उचलून, खालचा बूच उघडून, ठरावीक तापमानाला पातळी बघायची. घरी होण्याजोगं काम नाही.

ही डिपस्टिक जाणं लहान गोष्ट नाही. आपले नैयायिक अनुमानाचं उदाहरण देताना डोंगरावरचा धूर आणि अग्नी घेत. धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. दिसणाऱ्यावरून न दिसणारं जाणायचं. गॅरेजमधला मिस्त्री डिपस्टिक काढतो, पांढऱ्या फडक्यावर तेल टिपतो, रंग बघतो, वास घेतो. लाल आणि गोडसर वासाचं, तर ठीक. तपकिरी आणि करपट, तर आत चकत्या जळल्या. हे शुद्ध अनुमान आहे, आणि न्यायशास्त्र शिकवताना मी ते बिनदिक्कत वापरलं आहे. डिपस्टिक काढून टाकणं म्हणजे डोंगराभोवती भिंत बांधणं. अग्नी असेल किंवा नसेल; तुमच्याकडे हेतूच नाही.

आणि भिंतीवर लिहिलं काय? ‘लाइफटाइम फिल’, म्हणजे आयुष्यभराचं तेल. इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोलायचा हक्क आहे, कारण प्रश्न व्याख्येचा आहे. आयुष्य कोणाचं? तेलाचं म्हणाल तर विधान नेहमीच खरं : तेल मरेपर्यंत तेल टिकतं. गिअरबॉक्सचं म्हणाल तर तेच : तेल बदललं नाही म्हणून गिअरबॉक्स गेला, आणि तेल त्याच्या आयुष्यभर पुरलं! की वॉरंटीचं आयुष्य? जर्मनीची झेडएफ कंपनी अनेकांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. ती स्वतः सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनी, तेल बदला. तोच गिअरबॉक्स विकत घेऊन गाडीत बसवणारे काही कारखाने मात्र ‘आयुष्यभर’ लिहितात. बनवणाऱ्याचं ऐकावं की विकणाऱ्याचं, यात मला तरी संभ्रम वाटत नाही.

मग जुन्या ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारवाल्याने करायचं काय? आधी तापमान बघायला शिकावं, मग वस्तू विकत घ्याव्या. तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावे. आणि खालचं चेंबर उघडून तेल सोडलं की सगळं गेलं असं समजू नये, निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. म्हणून एकतर दोन-तीनदा थोडं थोडं बदलावं, नाहीतर यंत्राने पूर्ण. पंखदार, खोल चेंबर लावलं तर तेल जास्त मावतं, म्हणजे तापायला वेळ लागतो. पण वेळ लागणं वेगळं आणि थंड होणं वेगळं. थंड करतो तो वाऱ्यावरचा कूलर. तो लावताना थर्मोस्टॅट विसरू नये. तेल फार थंड राहिलं तर घट्ट राहतं, आतली दमट वाफ उडून जात नाही, आणि कन्व्हर्टरचा आतला क्लच तेल तापेपर्यंत धरतच नाही. म्हणजे उष्णता टाळण्याच्या नादात घसर वाढली. आणि कूलरवर कूलर रचत गेलात तर पुढच्याचा गरम वारा मागच्यावर. एसीचा कंडेन्सर तिथे आधीच उभा असतो.

आठवी पिढी २०२० ची. इंजिन सीटच्या मागे आलं, कन्व्हर्टर गेला, आणि त्या जागी ट्रेमेक कंपनीचा आठ गतींचा, तेलात बुडालेल्या दोन क्लचचा गिअरबॉक्स आला. आता घसर फक्त निघताना आणि गिअर बदलतानाच्या क्षणापुरती. क्लच परत आला, पण डाव्या पायाला बोलावणं नाही. तो संगणक दाबतो. हाताचा गिअर या पिढीत मिळतच नाही, १९५३ सारखाच. आणि गंमत बघा, या गिअरबॉक्सबाबत ‘आयुष्यभर’ हा शब्द नाही. पहिला फिल्टर साडेसात हजार मैलांना, म्हणजे सुमारे बारा हजार किलोमीटरला बदला, असं कंपनीनेच लिहून दिलं आहे. नव्या चकत्यांची आणि दात्यांची पहिली झीज तेलात येते, ती त्या फिल्टरमध्ये अडकते. काढलेला फिल्टर कापून बघितला तर आत काय चाललंय ते थोडंफार कळतं.

इथे थांबतो. मागच्या रांगेतून मघाशी एक हात वर आला होता, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.